झाकली मूठ नको: बुद्धवचन डिजिटल माध्यमांतून विनामूल्य कसे पोहोचवावे

गोव्यातील सांकवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना बुद्धाची पहिली ओळख विहारात किंवा एखाद्या भिक्खूच्या मुखातून झाली नाही. घरची माडांची बागायत सांभाळत असताना त्यांनी मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. त्या वाचनाने लागलेली ओढ इतकी खोल होती की 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले आणि पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत 1902 साली ते पाली शिकण्यासाठी श्रीलंकेत पोहोचले. चरित्र लिहिणाऱ्याला हा वाचक ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आज मोबाइलवरून एखादी गाथा पाठवणाऱ्या प्रत्येकाची स्थिती हीच असते. आपले लिखाण कोणाच्या हाती पडेल हे आपल्याला माहीत नसते, आणि म्हणूनच ते बिनचूक असावे लागते.

धम्म सांगणे हे विद्वानांचे किंवा संस्थांचे काम आहे असे समजून मागे राहिलेल्या आणि आता स्वतः काही करावे असे वाटणाऱ्या गोव्यातील मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. साधा स्मार्टफोन, आठवड्याचे दोन-तीन तास आणि चूक दाखवली गेली तर ती मान्य करण्याची तयारी एवढ्यावर हे काम सुरू होते.

मराठीत आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. दीघनिकाय या पाली ग्रंथातील महापरिनिब्बान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) बुद्धाने आपला शिष्य आनंद याला याच्या उलट सांगितले आहे: मी धम्म आतला आणि बाहेरचा असा भेद न करता सांगितला आहे, धम्माच्या बाबतीत तथागताजवळ ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे शिष्यांपासून काही राखून ठेवणारी गुरूची मूठ नाही. विनामूल्य देण्यामागचा खरा आधार हा आहे. ‘सब्बदानं धम्मदानं जिनाति’, धम्माचे दान सर्व दानांवर मात करते, हे धम्मपदातील 354 व्या गाथेचे वचन आपण अनेकदा ऐकतो. परंतु दान म्हणजे हाताला येईल ते पुढे ढकलणे नव्हे. दिलेली वस्तू काय आहे आणि कुठून आली हे घेणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ती पुढे देण्याची त्याला मोकळीक असली पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

पहिली पायरी: थोडे निवडा

नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात मोठा संकल्प सोडतात. संपूर्ण त्रिपिटक, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथांचा सगळा संग्रह, मराठीत आणायचे, रोज सकाळी एक प्रवचन टाकायचे, असे ठरते आणि पावसाळा संपण्याआधी सगळे थांबते. त्रिपिटकातील उपदेशांचा भाग म्हणजे सुत्तपिटक, त्यात पाच निकाय म्हणजे संग्रह आहेत; त्यांतील एकट्या मज्झिमनिकायात 152 सुत्ते आहेत. एवढ्या विस्तारात पहिल्यांदा उतरणाऱ्याने काठाकाठाने चालावे. धम्मपदाच्या 423 गाथा 26 वग्गांत, म्हणजे प्रकरणांत, विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक गाथा स्वतंत्रपणे वाचता येते. आठवड्याला एक गाथा घेतली तरी आठ वर्षे पुरेल एवढे काम त्यात आहे. संसारी माणसाला थेट उपयोगी पडणारे काही हवे असेल, तर मंगल सुत्त आणि करणीय मेत्त सुत्त ही लहान सुत्ते घ्यावीत. आईवडील, शिक्षक, जोडीदार, मित्र, सेवक यांच्याशी कसे वागावे हे सांगणारे दीघनिकायातील 31 वे सिगालोवाद सुत्तही घेता येईल, मात्र ते भागाभागांनी द्यावे.

कोणासाठी करायचे हेही याच वेळी ठरवावे. तुमचा वाचक विहारात जाणारा, त्रिशरण-पंचशील मुखोद्गत असलेला असेल तर मूळ पालीसह द्यावे. बुद्धाविषयी केवळ कुतूहल असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी असेल तर आधी चार ओळींचा प्रसंग आणि मग वचन, हा क्रम बरा पडतो. दोघांसाठी एकच मजकूर लिहायला गेल्यास तो दोघांनाही अर्धवट वाटतो.

दुसरी पायरी: वचनाचा पत्ता शोधा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली.

‘राग मनात धरून ठेवणे म्हणजे दुसऱ्यावर फेकण्यासाठी पेटता निखारा हातात घेण्यासारखे आहे, पहिल्यांदा आपलाच हात भाजतो’ हे वाक्य मी एका सुंदर चित्रावर लिहून खाली ‘गौतम बुद्ध’ असे नाव घातले होते. आमच्या वाचनमंडळातील एका निवृत्त पाली शिक्षकांनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, “हे कोणत्या सुत्तातले?” मला उत्तर देता आले नाही. तीन संध्याकाळी शोधल्यावर ते सापडले ते विसुद्धिमग्गाच्या ‘ब्रह्मविहारनिद्देस’ या नवव्या प्रकरणात, म्हणजे बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत लिहिलेल्या ग्रंथात. तेथे रागावलेल्या माणसाला निखारा किंवा विष्ठा हातात घेऊन दुसऱ्याला मारू पाहणाऱ्याची उपमा दिलेली आहे. उपमा मोलाची आहे, परंपरेतील आहे, पण ती बुद्धाच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नव्हता. या विसुद्धिमग्गाच्याच संपादनासाठी कोसंबी 1910 साली प्रथम हार्वर्डला गेले होते; आणि त्यांच्याच गोव्यात बसून मी त्यातले वाक्य चुकीच्या नावावर खपवले याचे मला फार वाईट वाटले. मी चित्र काढून टाकले, परंतु तोवर ते दुसऱ्या एका गटातून माझ्याकडेच परत आले होते.

म्हणून नियम साधा ठेवावा: ज्या वचनाचा पत्ता सापडत नाही ते बुद्धाच्या नावाने पाठवू नये. ते कितीही चांगले वाटले तरी पाठवू नये. पत्ता म्हणजे निकायाचे नाव, सुत्ताचे नाव आणि क्रमांक. शोधासाठी दोन भरवशाच्या जागा आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगायनाचे (संगायन म्हणजे ग्रंथपाठ ठरवणारी भिक्खूंची परिषद), म्हणजे 1954 ते 1956 या काळात यांगोन येथे झालेल्या छट्ठ संगायनाचे संपूर्ण पाली त्रिपिटक देवनागरीत इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहे. दुसरी जागा ‘सुत्तसेंट्रल’. तेथे मूळ पाली आणि वेगवेगळ्या भाषांतील अनुवाद समोरासमोर ठेवून वाचता येतात. शोधताना अनुवादातील शब्दाऐवजी पालीतील एखादा ठळक शब्द टाकावा. क्रमांक देताना नावही अवश्य द्यावे, कारण आवृत्त्यांनुसार मोजणी बदलते. ‘कालाम सुत्त’ म्हणून प्रसिद्ध असलेले केसमुत्ति सुत्त अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपात या भागात काही ठिकाणी 65 वे तर काही ठिकाणी 66 वे असते, आणि केवळ आकडा दिला तर वाचक शेजारच्याच सुत्तात जाऊन पोहोचतो.

याच केसमुत्ति सुत्ताचा आधार घेऊन ‘बुद्ध म्हणाले, फक्त तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना’ असे एक वाक्य सर्वत्र फिरते. मूळ सुत्त उघडून पाहा. तेथे ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथातील आधार यांच्यासोबत निव्वळ तर्क आणि आपल्या मताशी जुळते म्हणून वाटणारी पसंती यांवरही विसंबू नका असे सांगितले आहे. कोणत्या गोष्टी अकुशल आहेत, जाणते लोक कशाची निंदा करतात, कशाने अहित आणि दुःख होते हे स्वतः जाणून सोडा, असा तेथील उपदेश आहे. फिरणाऱ्या वाक्यापेक्षा तो कितीतरी कठोर आणि कितीतरी उपयोगी आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. ‘अत्त दीप भव’ हे शब्द कमानींवर, पत्रिकांवर, मोटारींच्या काचांवर दिसतात. महापरिनिब्बान सुत्तात शब्द आहेत ते असे: ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा, धम्मदीपा धम्मसरणा अनञ्ञसरणा’. म्हणजे हा उपदेश अनेकांना उद्देशून आहे, आणि ‘स्वतःला शरण’ याच्या लगेच पुढे ‘धम्माला शरण’ हेही आहे. ते दुसरे अंग गाळले तर अर्थ लंगडा होतो. शिवाय पालीत ‘दीप’ या शब्दात संस्कृतातील दीप आणि द्वीप असे दोन्ही शब्द येऊन मिळाले आहेत, त्यामुळे ‘स्वतः दिवा व्हा’ आणि ‘स्वतः बेट व्हा’ असे दोन्ही अर्थ अभ्यासक मांडतात. आषाढात मांडवी तांबड्या पाण्याने फुगलेली असताना फेरीबोटीतून दिवाडी किंवा चोडण पाहणाऱ्या गोमंतकीयाला पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बेटाची ती प्रतिमा समजावून सांगावी लागणार नाही. प्रचलित रूप वापरणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यामागे खरी श्रद्धा आहे. तुम्ही देताना मात्र मूळ रूप पत्त्यासह द्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना प्रश्न विचारून वचने मिळवण्याची सवय आता वाढते आहे. ही साधने अस्तित्वात नसलेले वचन आणि त्याचा चुकीचा क्रमांकही अत्यंत आत्मविश्वासाने देऊ शकतात. शोधाची दिशा मिळवण्यापुरता त्यांचा उपयोग करावा आणि मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षरही पुढे पाठवू नये.

तिसरी पायरी: हक्कांचा हिशेब

बुद्धवचन कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून बुद्धवचनाचे कोणतेही पुस्तक स्कॅन करून वाटता येते, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मूळ पाली पाठ सर्वांचा आहे. पण अनुवाद हे अनुवादकाचे काम असते, प्रस्तावना संपादकाची असते, मुखपृष्ठ चित्रकाराचे असते आणि ध्वनिमुद्रणावर वेगळे हक्क असतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतात. कोसंबी 1947 च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे निवर्तले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली मराठी पुस्तके 1 जानेवारी 2008 पासून भारतात सर्वांसाठी मोकळी झाली. 1940-41 साली प्रसिद्ध झालेले ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे चरित्रही त्यांत आले. बुद्धचरित्राकडे चिकित्सक नजरेने पाहणारा एवढा स्वच्छ मराठी ग्रंथ आपल्याच मातीतल्या माणसाने लिहिलेला आहे आणि तो वाटण्यास आता कोणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट गोव्यातील नव्या कार्यकर्त्याने सर्वांत आधी लक्षात घ्यावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हिशेब थोडा बारकाईने करावा लागतो. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन 1 जानेवारी 2017 पासून मोकळे झाले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ मात्र 1957 साली, म्हणजे मरणोत्तर प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रकाशनाची 60 वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे तेथे 1 जानेवारी 2018 ही तारीख येते. हे झाले मूळ ग्रंथाचे. मराठी अनुवादावर अनुवादकांचा वेगळा हक्क असतो आणि तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. हा सगळा हिशेब भारतातला आहे. परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर फाइल ठेवताना तेथील नियमही वाचून घ्यावेत.

हयात लेखकांचे साहित्य हवे असेल तर सरळ पत्र लिहावे. काय घेणार, कुठे ठेवणार, पैसे घेणार नाही आणि नाव कसे देणार, एवढे चार मुद्दे एका पानात मांडावेत आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. माझा अनुभव असा की नम्रपणे विचारणाऱ्याला बहुतेक जण होकारच देतात. काही अनुवादकांनी तर विचारण्याचीही गरज ठेवलेली नाही: भिक्खु सुजातो यांनी सुत्तसेंट्रलवरील आपले इंग्रजी अनुवाद ‘सीसी झिरो’ या पद्धतीने सर्व हक्क सोडून दिलेले आहेत, त्यामुळे त्यांवरून मराठी अनुवाद करायला कोणाची आडकाठी नाही. विपश्यना शिबिरातील सूचना किंवा प्रवचने मोबाइलवर चोरून मुद्रित करून पसरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. न दिलेले न घेण्याचे शील पाळणाऱ्याने न दिलेले वाटूही नये.

स्वतःच्या कामावर कोणता परवाना लावायचा तेही येथेच ठरवावे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यांत नाव द्यावे एवढीच अट घालता येते, त्यासोबत ‘व्यापारी उपयोग नको’ किंवा ‘बदल करू नका’ असेही म्हणता येते. माझे मत असे आहे की बदलाला मनाई करू नये, कारण उद्या कोणी तुमचा मराठी अनुवाद कोकणीत आणू पाहील आणि त्या अटीमुळे अडेल. गोवा विद्यापीठाने 2013 साली कोकणी विश्वकोश अशाच मोकळ्या परवान्याखाली आणला आणि त्याचा मजकूर पुढे कोकणी विकिपीडियाच्या कामी आला. हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे.

चौथी पायरी: मजकूर शुद्ध करा

टंकलेखन नेहमी युनिकोडमध्येच करावे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो आणि शोधातही सापडत नाही. हक्कमुक्त जुने पुस्तक हाती असेल तर पाने 300 डीपीआयवर स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवावीत आणि गूगल डॉक्समध्ये उघडावीत, म्हणजे चित्रातील अक्षरे टंकलेल्या मजकुरात उतरतात. हे यंत्र देवनागरी बऱ्यापैकी वाचते, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळते. ‘धम्म’चा ‘घम्म’ झालेला मी किती वेळा सुधारला असेल याची गणती नाही. दोघांनी बसावे, एकाने छापील पानावरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासावे. जुनीच रीत आहे, पण तिला तोड नाही.

पालीची काही वैशिष्ट्ये कळली की अर्ध्या चुका आपोआप टळतात. पालीत ‘श’ आणि ‘ष’ नाहीत, फक्त ‘स’ आहे. ऋ, ऐ, औ आणि विसर्ग नाहीत. ‘ळ’ मात्र आहे. त्यामुळे ‘बुद्धं शरणं गच्छामि’ ही संस्कृत वळणाची भेसळ झाली, पाली पाठ ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असाच आहे. मोबाइलचा कीबोर्ड पाली शब्दांना मराठी चूक समजून परस्पर सुधारतो. ‘सम्मन्ति’ लिहिताच माझ्या मोबाइलवर ‘संमती’ उमटते आणि अख्ख्या गाथेचा अर्थ बुडतो. पाली लिहिताना ही आपोआप सुधारणा बंद ठेवावी. ‘मङ्गल’ आणि ‘मंगल’ ही दोन्ही रूपे चालतात, पण एका ठिकाणी एकच ठेवावे, नाहीतर शोधणाऱ्याला निम्मेच सापडते.

मराठी विवरणात ‘धम्म’ लिहावे की ‘धर्म’, ‘निब्बान’ की ‘निर्वाण’, हा वाद लांबवू नये. एक रूप निवडून सुरुवातीलाच सांगावे. भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातील चुल्लवग्गात बुद्धाने ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिल्याचे वाक्य आहे. ‘आपापल्या’ म्हणजे नेमके कोणाच्या यावर प्राचीन काळापासून मतभेद आहेत, तरी अनुवाद वाचणाऱ्याच्या बोलण्यातल्या मराठीत असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाचवी पायरी: आवाज

गोव्यात मराठी समजणारे पण देवनागरी सहज न वाचणारे पुष्कळ लोक आहेत. काहींचे शिक्षण इंग्रजीतून झाले, काही कोकणी रोमी लिपीतच वाचतात, आणि वयस्कर माणसांना बारीक अक्षर दिसत नाही. हे आजचे नाही: 1556 साली भारतातील पहिला छापखाना गोव्यात आला, आणि 1616 साली राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी महाकाव्य छापले गेले तेही रोमी लिपीतच. या सर्वांपर्यंत आवाज पोहोचतो, म्हणून लिहिलेला मजकूर वाचून मुद्रित करणे हे नवागताला सहज जमणारे आणि फार उपयोगी पडणारे काम आहे.

पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखाली पावसाळ्यात मुद्रण करणे जवळपास अशक्य असते. मी पहाटे पावणेपाचला, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजण्याआधी, कपड्यांच्या कपाटासमोर बसून वाचतो. टांगलेले कपडे खोलीतला घुमारा शोषून घेतात. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘भ’, ‘फ’ यांचे फुत्कार थेट त्यावर आदळत नाहीत. मोबाइल विमान स्थितीत ठेवावा आणि पंखा बंद करावा. ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून चुका कापाव्यात आणि फाइल 64 केबीपीएसच्या एकेरी (मोनो) एमपी3 मध्ये काढावी. बोलण्यासाठी हा दर्जा पुरतो आणि मिनिटाला अर्ध्या एमबीपेक्षा कमी जागा लागते, म्हणजे वीस मिनिटांचे वाचन दहा एमबीच्या आत बसते आणि नेटवर्क क्षीण असलेल्या सत्तरीतल्या वाड्यावरही उतरवून घेता येते. पार्श्वसंगीत लावू नये. त्याचे हक्क वेगळे असतात, आणि खरे सांगायचे तर गाथेला त्याची गरजही नसते.

सहावी पायरी: कुठे ठेवावे

व्हॉट्सॲप हे पोहोचवण्याचे साधन आहे, साठवण्याचे नव्हे. स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते, गटातील संदेश मोबाइल बदलला की हरवतात आणि चित्रावर लिहिलेला मजकूर शोधता येत नाही. म्हणून आधी मूळ फाइल ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या सार्वजनिक संग्रहात ठेवावी, हक्कमुक्त पुस्तक असल्यास नियम पाहून मराठी विकिस्रोतावर द्यावे आणि मग त्याचा दुवा गटांत पाठवावा. चित्र पाठवायचेच असेल तर सोबत तोच मजकूर टंकूनही पाठवावा. दृष्टिहीन व्यक्तीचा मोबाइल तो वाचून दाखवू शकतो. ध्वनिफाइल मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे तिचे नाव शाबूत राहते.

प्रत्येक फाइलच्या शेवटी एक टीप असावी. तिचा उत्तम नमुना साडेअकराशे वर्षांपूर्वीचा आहे. छापल्याची तारीख असलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक म्हणजे चिनी भाषेतील वज्रच्छेदिका सूत्र हा बौद्ध ग्रंथ. चीनमधील दुन्हुआंगच्या गुहांतून मिळालेली ती गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी लिहिले आहे की वांग जिए याने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वत्र विनामूल्य वाटण्यासाठी हे श्रद्धेने करवले; आणि पुढे तारीख आहे, जी आपल्या गणनेने 11 मे 868 येते. कोणी केले, कोणासाठी, केव्हा आणि विनामूल्य, हे सगळे दोन ओळींत आले. आपली टीप अशी होऊ शकते:

‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं। अवेरेन च सम्मन्ति एस धम्मो सनन्तनो॥ या जगात वैराने वैर कधीही शमत नाही. ते अवैरानेच शमते, हा सनातन धर्म आहे. धम्मपद, यमकवग्ग, गाथा 5. पाली पाठ: छट्ठ संगायन. मराठी अनुवाद: (तुमचे नाव), (तारीख). विनामूल्य वाटावे, विकू नये. चूक आढळल्यास कळवावे.’

सातवी पायरी: पैसा आणि वागणूक

विनामूल्य म्हणजे पूर्णपणे विनामूल्य. ऐकण्याआधी नाव-नंबर मागणे, शेवटचा भाग वर्गणीदारांसाठी राखणे, गाथेच्या चित्रावर दुकानाची जाहिरात टाकणे या सगळ्या झाकलेल्या मुठीच आहेत. यूट्यूबवर तुम्ही उत्पन्न घेतले नाही तरी कंपनी स्वतःहून जाहिराती दाखवू शकते, म्हणून तेथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीची जाहिरातविरहित प्रत अन्यत्र असावी आणि तिचा दुवा वर्णनात द्यावा. खर्च तसा थोडाच येतो. तो आपसांत वाटून घ्यावा आणि कोणी आपणहून मदत दिली तर हिशेब उघड ठेवावा.

आपल्याकडे एकाच वाड्यावर देऊळ, इगर्ज (चर्च) आणि विहार जवळजवळ असतात, आणि पाठवलेला संदेश तिन्हीकडे पोहोचतो. आपल्या पंथाची भलावण आणि दुसऱ्याची निंदा करताना वाणी आवरावी असे सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. संदेश पाठवण्यापूर्वी तो निकष लावावा. स्थानिक वारशाविषयी लिहितानाही हेच धोरण ठेवावे. डिचोलीजवळची लामगावची लेणी, रिवणची गुहा, हरवळ्याची लेणी यांची छायाचित्रे स्वतः काढून मोकळ्या परवान्याने द्यावीत, ते फार मोलाचे काम होईल. परंतु हरवळ्याच्या लेण्यांत आज शिवलिंगे पुजली जातात, लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात आणि त्यांच्या मूळ स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे सगळे त्याच मजकुरात प्रामाणिकपणे लिहावे. विहारातील कार्यक्रमाची छायाचित्रे टाकण्याआधी त्यांत दिसणाऱ्यांना विचारावे, आणि मुले असतील तर पालकांना.

चुका होणारच. कोणी चूक दाखवली तर आभार मानून मूळ पाहावे आणि चूक खरी असल्यास फाइल गुपचूप बदलू नये. नव्या फाइलच्या नावात ‘दुरुस्त’ हा शब्द आणि तारीख घालावी, काय बदलले ते एका ओळीत लिहावे आणि जुना संदेश ज्या ज्या गटांत गेला होता तेथे नवा पाठवावा. निखाऱ्याच्या त्या चित्राचे मी शेवटी असेच केले: तेच चित्र, तीच उपमा, आणि खाली ‘आचार्य बुद्धघोष, विसुद्धिमग्ग, ब्रह्मविहारनिद्देस’. ज्या पाच गटांत पहिले चित्र गेल्याचे मला माहीत होते त्या पाचही गटांत ते पाठवले, आणि पाली शिक्षकांना आधी दाखवून पाठवले.